खेळाडूंची अदलाबदल आणि संघाचा एकोपा

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये दरवर्षी जुलै महिना सरत आला की एक निराळाच हंगाम सुरू होतो. मैदानावरील सामने चालूच असतात; परंतु वृत्तपत्रांचे आणि क्रीडाशौकिनांचे लक्ष संघांच्या कचेऱ्यांकडे लागलेले असते. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आलेली असते आणि तीस संघांचे कारभारी कोणाला द्यावे व कोणाला घ्यावे याच्या वाटाघाटींत गुंतलेले असतात. सकाळी एका शहराचा असलेला खेळाडू सायंकाळी दुसऱ्या शहराचा झालेला असतो. अशा प्रत्येक व्यवहारानंतर एक जुना वाद नव्याने रंगतो. संघाने केवळ गुणवान खेळाडू जमवावेत, की एकमेकांशी जुळवून घेणारे निवडावेत? या दुसऱ्या गोष्टीला तेथील लोक संघाचे 'रसायन' म्हणतात. मराठीत 'अजब रसायन' ही पदवी एखाद्या विलक्षण असामीला मिळते. तेथे मात्र या शब्दाचा अर्थ मेळ, एकोपा, परस्परांवरील विश्वास असा आहे.

वरवर पाहता हा फावल्या वेळचा वाद आहे. परंतु जेथे जेथे दहा माणसे एकत्र काम करतात आणि त्यांच्या जागा अकरावा कोणी ठरवतो, तेथे हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत उभा राहतो. बेसबॉलचे वैशिष्ट्य एवढेच की, त्या खेळात शंभराहून अधिक वर्षांच्या प्रत्येक सामन्याची नोंद ठेवलेली आहे. त्यामुळे एकोप्याविषयीची सुभाषिते तेथे वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहता येतात. तशी ती पाहिली म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एकोपा हा गुणवत्तेचा पर्याय होऊ शकत नाही, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. एकोप्याचे नाव घेऊन जे निर्णय घेतले गेले, त्यांतील काहींचा खऱ्या एकोप्याशी कसलाही संबंध नव्हता.

अबोल्यातील विजय

बेसबॉल हा नऊ जणांचा खेळ असला, तरी त्याचा गाभा दोघांच्या झुंजीचा आहे. एक चेंडू फेकतो, दुसरा तो टोलवतो. बाकीचे त्या क्षणी प्रेक्षकच असतात. फुटबॉलमध्ये एकाचा पाय दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेत धावतो. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मदतीला कोणी येऊ शकत नाही. या दृष्टीने तो क्रिकेटचा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ शोभेल. सहकार्याचे प्रसंग त्यात आहेत. पण ते मोजके आणि ठरीव आहेत. सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे एकाच टोल्यावर दोन गडी बाद करण्याचा. त्यासाठी मैदानाच्या मध्यावरील दोन क्षेत्ररक्षकांना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेंडूची देवाणघेवाण करावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या 'कब्ज' संघात हे काम करणारे जो टिंकर आणि जॉनी एव्हर्स हे दोघे आजही या कौशल्याचे प्रतीक मानले जातात. १९०५ साली त्यांचे एका क्षुल्लक कारणावरून बिनसले आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते एकमेकांशी बोललेच नाहीत. या अबोल्याच्या काळात त्यांच्या संघाने १९०६ साली एका हंगामात ११६ सामने जिंकले आणि १९०७ व १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, मिळवले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या त्या दोघांचे हात मात्र एकमेकांना अचूक ओळखत होते.

याहून बोलका दाखला ओकलंडच्या 'अॅथलेटिक्स' संघाचा. या संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद पटकावले. संघात सख्य म्हणून नव्हतेच. १९७४ च्या हंगामात रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ यांची खेळाडूंच्या खोलीतच मारामारी झाली आणि ती सोडवायला गेलेला रे फॉसी मान दुखावून घेऊन कित्येक आठवडे घरी बसला. त्याच वर्षी अजिंक्यपदाच्या सामन्यांच्या तोंडावर रॉली फिंगर्स आणि जॉन ओडम हातघाईवर आले. फिंगर्सच्या डोक्याला टाके घालावे लागले. पुढच्या काही दिवसांत संघाने लॉस एंजेलिसचा पराभव केला आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच फिंगर्स.

या संघाचे पुढे जे झाले, ते एखाद्या प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणावे तसे आहे. मालक चार्ल्स फिन्ली यांनी करारातील अटी न पाळल्यामुळे १९७४ च्या अखेरीस जिम हंटर हा अव्वल पिचर मोकळा झाला आणि न्यूयॉर्कला गेला. १९७६ च्या एप्रिलमध्ये जॅक्सनची बाल्टिमोरशी अदलाबदल झाली. जूनमध्ये फिन्ली यांनी फिंगर्स आणि जो रूडी यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरला बोस्टनला, तर व्हायडा ब्ल्यू याला पंधरा लाखांना न्यूयॉर्कला विकण्याचा घाट घातला. तो व्यवहार कमिशनर बोवी कून यांनी रद्द ठरवला. हंगाम संपल्यावर उरलेलेही बहुतेक सारे निघून गेले. १९७७ साली ओकलंडने १६१ पैकी ९८ सामने गमावले आणि त्याच वर्षी जन्माला आलेल्या सिअॅटलच्या नवख्या संघाच्याही खाली त्याला तळ गाठावा लागला. भांडणे मिटली होती, पण भांडणारे गुणवंतही राहिले नव्हते. एकोप्याला प्रथम स्थान देणाऱ्यांनी या तीन वर्षांच्या अंतराचे उत्तर दिले पाहिजे.

किंबहुना, एकोप्याची महती पुष्कळदा निकालानंतर गायिली जाते. २०११ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या 'रेड सॉक्स' संघाने २७ पैकी २० सामने गमावले. त्यानंतर या संघातील काही पिचर सामना चालू असताना आतल्या खोलीत बिअर पीत आणि कोंबडी खात बसतात, अशी वृत्ते प्रसिद्ध झाली आणि संघात शिस्त नाही, मेळ नाही, असा एकच गिल्ला झाला. हेच सामने त्यांनी जिंकले असते, तर त्याच बैठकींचे वर्णन मनमोकळा स्नेह म्हणून झाले असते. पुढच्या वर्षी हा संघ आपल्या गटात शेवटचा आला. ऑगस्टमध्ये त्याने एड्रियन गोन्झालेस, जॉश बेकेट आणि कार्ल क्रॉफर्ड हे भारी वेतनाचे खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकले आणि २०१३ मध्ये तो अजिंक्य ठरला. त्या वर्षी खेळाडूंनी हौसेने वाढवलेल्या दाढ्या हे एकोप्याचे लक्षण मानले गेले. वाचलेल्या कोट्यवधी डॉलरमधून अनेक उपयुक्त खेळाडू आणले गेले होते, ही गोष्ट दाढ्यांइतकी नजरेत भरणारी नव्हती.

जागा बदलली, माणूस खुलला

तरीही एकोपा ही निव्वळ भाबडी समजूत आहे, असे म्हणून चालणार नाही. अदलाबदलीच्या इतिहासात असे कित्येक खेळाडू आढळतात की, जे एका संघात कोमेजले आणि दुसऱ्यात बहरले. त्यांचा गुण एका रात्रीत वाढला असे मानता येत नाही; मग बदलले काय?

१५ जून १९६४ रोजी शिकागोने लू ब्रॉक या तरुण खेळाडूला सेंट लुईसच्या 'कार्डिनल्स' संघाला देऊन अर्नी ब्रॉग्लिओ हा नावाजलेला पिचर घेतला. आधीच्या वर्षी ब्रॉग्लिओने १८ विजय मिळवले होते. त्यामुळे शिकागोने बाजी मारली असेच त्या वेळी बहुतेकांना वाटले. परंतु ब्रॉग्लिओचा हात दुखावलेला होता आणि शिकागोला त्याच्याकडून एकूण सातच विजय मिळाले. शिकागोत त्या हंगामात .२५१ सरासरी असलेल्या ब्रॉकने सेंट लुईसमध्ये .३४८ ची सरासरी गाठली आणि त्याच वर्षी संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यात वाटा उचलला. व्यवस्थापक जॉनी कीन यांनी त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे धावण्याची मुभा दिली होती. पुढे ९३८ वेळा 'बेस' चोरून या ब्रॉकने त्या काळचा विक्रम केला.

सेंट लुईसच्या त्या संघाची घडण समजून घेण्याजोगी आहे. फ्लोरिडातील सरावाच्या काळात काळ्या खेळाडूंना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात राहता येत नसे. बिल व्हाइट या खेळाडूने त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवल्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी संघाने सर्वांची सहकुटुंब सोय एकाच मोटेलात केली आणि नामवंत गोरे खेळाडूही तेथे राहावयास आले. त्या संघातील सलोख्याची पुढे सर्वत्र वाखाणणी झाली. तो सलोखा उपदेशाने आलेला नव्हता. एका अन्यायाचे निवारण झाले आणि सलोखा त्याच्या मागोमाग आला.

१९७९ चा पिट्सबर्गचा 'पायरेट्स' संघ हे दुसरे उदाहरण. त्या वर्षी गाजलेल्या एका गाण्यावरून हा संघ स्वतःस कुटुंब म्हणवीत असे आणि ३९ वर्षांचा विली स्टार्जेल त्याचा कर्ता पुरुष होता. चांगल्या कामगिरीबद्दल तो सहकाऱ्यांना टोपीवर शिवायला कापडी तारे देई आणि लक्षाधीश खेळाडू ते शाळकरी मुलांच्या उत्साहाने मिरवीत. अजिंक्यपदाच्या मालिकेत ३-१ असे मागे पडूनही या संघाने बाल्टिमोरवर मात केली. पण याच संघात बिल मॅडलॉक हा जूनच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून अदलाबदलीत आलेला होता. दोन वेळा फलंदाजीतील अव्वल ठरलेल्या या खेळाडूला सॅन फ्रान्सिस्कोने त्याची तिसऱ्या बेसची नेहमीची जागा सोडून दुसऱ्या जागी उभे केले होते आणि तेथे त्याची सरासरी .२६१ पर्यंत घसरली होती. पिट्सबर्गने त्याला त्याची जागा परत दिली, त्याने.३२८ ची सरासरी दिली. कुटुंबात तो सामावला, यात संशय नाही. पण त्याआधी त्याला त्याचे काम मिळाले होते.

या दाखल्यांवरून एकोप्याचा जो अर्थ निघतो, तो गोड बोलण्याचा किंवा एकत्र जेवण्याचा नाही. प्रत्येकाला त्याच्या गुणाला साजेसे काम मिळणे, चुकीबद्दल सर्वांना एकच माप लागणे आणि आपल्या पाठीमागे बाकीचे उभे राहतील असा भरवसा असणे, या तीन गोष्टी जेथे असतात, तेथे माणसे एकमेकांची जिवलग नसली तरी संघ उभा राहतो. ओकलंडच्या भांडखोरांनीही एकदा हे दाखवून दिले होते. १९७३ च्या मालिकेतील दुसऱ्या सामन्यात माइक अँड्रूज याच्या हातून बाराव्या डावात दोन चुका झाल्या. तेव्हा मालक फिन्ली यांनी, आपण दुखापतग्रस्त आहोत, अशा कागदावर त्याची सही घेऊन त्याला घरी धाडले. एकमेकांना ठोसे लगावणाऱ्या त्याच खेळाडूंनी सरावाच्या वेळी अँड्रूजचा १७ हा क्रमांक आपल्या गणवेशावर लावला. कमिशनरांनी अँड्रूजला परत घ्यावयास लावले आणि ती मालिकाही ओकलंडने जिंकली.

एकोपा कोणाचा?

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. एकोपा टिकवायचा म्हणजे कोणाला सांभाळायचे आणि कोणाला दूर ठेवायचे?

१९४७ पूर्वी अनेक दशके मोठ्या संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. त्याच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जात, त्यांत गोऱ्या खेळाडूंना हे रुचणार नाही आणि संघात फूट पडेल, हे एक प्रमुख कारण होते. आजच्या भाषेत, संघाचे 'रसायन' बिघडेल. ब्रुकलिनच्या 'डॉजर्स' संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला आणण्याचे ठरवले, तेव्हा ही भीती खरीही ठरू लागली. काही खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी पनामातील सरावाच्या मुक्कामी मध्यरात्री खेळाडूंना गोळा करून, रॉबिन्सन खेळणार आणि ज्यांना ते नको त्यांनी जावे, असे ठणकावले. संघाचा लाडका फलंदाज डिक्सी वॉकर याने आपली अदलाबदल करावी असे पत्र रिकी यांना लिहिले. हंगाम संपल्यावर तो पिट्सबर्गला गेलाही.

एकोपा हेच सर्वोच्च मूल्य मानले असते, तर रिकी यांनी रॉबिन्सनला थांबवायला हवे होते. प्रत्यक्षात त्या वर्षी ब्रुकलिनने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले आणि रॉबिन्सन वर्षाचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. संघ एक झाला तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी रॉबिन्सनवर गलिच्छ वांशिक शिव्यांचा भडिमार केला. तो प्रत्युत्तर देऊ शकत नाही, हे ठाऊक असतानाही केला. तेव्हा उलटून बोलला तो एडी स्टँकी, रॉबिन्सनच्या येण्याने सुरुवातीस नाखूश असलेल्यांपैकी एक. ब्रुकलिनचा संघ एकजीव करण्याचे श्रेय रिकी पुढे चॅपमन यांनाच देत असत. न्याय आधी झाला आणि मेळ नंतर आला. मेळ जमण्याची वाट पाहत न्याय थांबला असता, तर दोन्हीही आले नसते.

ज्या सेंट लुईसच्या संघाने सलोख्याचा आदर्श घालून दिला, त्याच संघाच्या मालकाने अदलाबदलीची दुसरी बाजू जगापुढे आणली. कर्ट फ्लड हा तेथील मध्यक्षेत्राचा रक्षक बारा हंगाम त्या संघासाठी खेळला होता. १९६४ आणि १९६७ च्या अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये आपली फिलाडेल्फियाशी अदलाबदल झाली आहे, असे त्याला कळवण्यात आले. त्या वेळच्या करारातील राखीव कलमानुसार खेळाडू जन्मभर एकाच मालकाच्या स्वाधीन असे. मालक देईल तेथे जाणे किंवा खेळ सोडणे, एवढाच पर्याय होता. २४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने कमिशनरांना पत्र लिहून, आपण मर्जीविरुद्ध विकली वा घेतली जाणारी मालमत्ता नाही, असे कळवले आणि पुढे न्यायालयाचे दार ठोठावले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ अशा मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तोवर फ्लडची कारकीर्द जवळजवळ संपली होती.

या खटल्यातील एक गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. संघभावनेचे एवढे गोडवे गाणाऱ्या या खेळातील एकही चालू खेळाडू फ्लडसाठी साक्ष द्यावयास पुढे आला नाही. मालकांच्या रोषाची धास्ती सर्वांनाच होती. साक्षीला उभे राहिले ते निवृत्त. आणि त्यांत प्रकृतीने खचलेला जॅकी रॉबिन्सन होता. फ्लड हरला, पण राखीव कलमाचा पाया त्याने हलवला होता. त्यानंतरच्या करारात, दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने राखीव कलमच मोडीत निघाले. १९९८ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याला कर्ट फ्लडचे नाव आहे. त्याचा लाभ पाहावयास तो हयात नव्हता.

मुंबईचा अनुभव

खेळाडूंच्या अदलाबदलीची ही पद्धत आता महाराष्ट्रालाही अपरिचित राहिलेली नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने लिलाव आणला आणि पाठोपाठ अदलाबदलही आली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत मिळवले आणि डिसेंबरमध्ये पाच विजेतीपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले. २०२४ च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली आणि चौदांपैकी चारच सामने जिंकून संघ दहाव्या म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. 'रसायन' बिघडले, हा निष्कर्ष सर्वांनी काढला. परंतु त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २९ जून रोजी, बार्बाडोसमधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शर्माच्या नेतृत्वाखाली निर्णायक शेवटचे षटक टाकले ते पंड्यानेच, आणि भारत विजयी झाला. त्याच दोघांना एकत्र घेऊन मुंबईने २०२५ मध्ये बाद फेरीही गाठली. माणसे तीच होती. प्रेक्षकांचा रोष खेळाडूवर निघाला. निर्णय मात्र ज्यांनी घेतला होता, ते मैदानात उभे नव्हते.

'प्रशासकीय सोयीसाठी' झालेल्या बदलीचा आदेश हाती पडलेल्या शिक्षकाला किंवा लिपिकाला यातील मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो सर्वांशी मिळूनमिसळून वागत नाही, त्याच्यामुळे वातावरण बिघडते, हा शेरा कधी खरा असतो. कधी तो खरे बोलणाऱ्याची सोयीस्कर वासलात असते. या दोहोंत फरक करण्याची काही साधने बेसबॉलच्या इतिहासाने दिलेली आहेत. ज्याला काढायचे आहे त्याला त्याचे योग्य काम दिले होते काय? त्याला आणि इतरांना एकच माप लावले होते काय? मेळ बिघडवतो तो नेमका कोण, येणारा की त्याला येऊ न देणारा? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वीच जो एकोप्याचे नाव घेतो, त्याच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

गुणवत्तेवाचून संघ जिंकत नाही. ओकलंडच्या १९७७ च्या पराभवांनी हे पुरेसे सिद्ध केले आहे. गुणवत्ता फुलण्यासाठी मेळ लागतो, हेही ब्रॉक आणि मॅडलॉक यांच्या उदाहरणांवरून मान्य करावे लागते. परंतु हा मेळ बाजारातून विकत आणता येत नाही आणि नको असलेल्या माणसाला बाहेर घालवूनही तो साधत नाही. आपल्याला न्यायाने वागवले जाईल, ही खात्री ज्या संघात सर्वांत दुबळ्या खेळाडूलाही असते, तेथे तो हळूहळू आपोआप जमतो. अदलाबदलीच्या पुढच्या हंगामात वाटाघाटी करणाऱ्यांनी सरासरीच्या आकड्यांबरोबर याचाही हिशेब ठेवला, तर त्यात संघाचेच हित आहे.